नुसतं ‘आराम करा’ म्हणू नका, आम्हाला काहीतरी नवीन शिकू द्या

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

पेपर हातात आला की मी आधी वाचकांची पत्रं वाचते, मग बाकीचं. खड्डे, पाणी, कचरा, बसचं टायमिंग, हे सगळं छापून यायलाच पाहिजे, पण आज मी ज्याबद्दल लिहितेय ते पण आपल्या गल्लोगल्ली आहे, फक्त दिसत नाही कारण ते घराच्या आत टीव्हीसमोर बसलेलं असतं. साठीच्या पुढची आपली माणसं. मी स्वतः 66 वर्षांची, बेळगावच्या वडगावात राहते, घरात आमचे चार यंत्रमाग होते, आमचे मालक म्हणजे नवरा जाऊन चार वर्षं झाली, माग विकले, मुलगा पुण्याला आणि मुलगी बेंगळूरला. पत्र लांब झालंय ते मला कळतंय, कापायचं झालं तर कुठलं पण कापा पण कानाचा भाग आणि शेवटची विनंती तेवढी राहू द्या.

मालक गेले तेव्हा सगळ्यांनी मला फार जपलं, त्यात कुणाचा काही दोष नाही. मुलानं लाईट बिल, पाणी बिल, गॅसचा नंबर लावणं सगळं मोबाईलवरून स्वतःकडं घेतलं, किराणा घरपोच, बँकेत जायचं बंद, भाजीवाली दारात. सगळ्यांचं एकच, आई आयुष्यभर राबलीस आता आराम कर. सुरवातीला मला पण बरं वाटलं, चाळीस वर्षं मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्यात मी, सगळा संसार मागाच्या आवाजातच झाला. पण दोनेक वर्षांत असं झालं की आज सोमवार का गुरुवार ते मला सिरीयलवरून कळायचं. चहा, देवपूजा, टीव्ही, जेवण, झोप, परत चहा, परत टीव्ही. दिवसभरात बोलले तर दूधवाल्याशी. मग गॅसवर ठेवलेलं दूध करपायला लागलं, एका लग्नात चुलत नणंद समोर उभी आणि मला तिचं नाव आठवेना, मुलीला फोनवर एकच गोष्ट एका आठवड्यात तीनदा सांगितली. तिनं तिन्ही वेळा गप्प ऐकून घेतलं, आणि पुढच्या शनिवारी रजा काढून आली ती थेट मला दवाखान्यात घेऊन गेली.

तपासणीत बी ट्वेल्व्ह खूप कमी निघालं, थायरॉईड, शुगर, बीपी पण बघितलं, इंजेक्शनं झाली. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडं वयस्कर माणूस विसरायला लागलं की म्हातारचळ म्हणून सोडून देतात, तसं करू नका, आधी रक्त तपासून घ्या, बी ट्वेल्व्ह कमी झालं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरायला लागतो आणि वेळेत कळलं तर औषधानं फरक पडतो. माझा बराच पडला. पण डॉक्टरबाईंनी जाता जाता विचारलं होतं की काकू गेल्या महिन्यात तुम्ही नवीन असं काय केलं, आणि मी आठवत बसले. लोणचं घातलं म्हणावं तर ते दर वर्षीचंच. मला सांगण्यासारखं एक पण निघालं नाही आणि ते त्या सुईपेक्षा जास्त टोचलं.

मग नवीन जे झालं ते चुकून झालं. खानापूरला भाचीकडं बारसं होतं, मी एकटीच निघाले. त्याआधी कुठं जायचं तर मालक बरोबर असायचे आणि बोर्ड ते वाचायचे. मला कन्नड कळतं सगळं, बाजारापुरतं बोलता पण येतं, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं, आमची सगळी शाळा मराठीतली. स्टँडवर एकाला विचारलं त्यानं हात केला, मी त्या बसमध्ये चढले. बस शहराबाहेर पडून हायवेला लागली तेव्हा कंडक्टर जवळ आला, “एल्लिगे?” मी म्हटलं खानापूर, तर शेजारपाजारचे सगळे माझ्याकडं बघायला लागले, बस कित्तूरची होती. हिरेबागेवाडीला उतरवलं. ऊन मी म्हणत होतं, हातात बारशाची पिशवी, पाय लटलट कापत होते आणि फोन करायचा तर कुणाला, सगळे तीनशे-पाचशे किलोमीटरवर. तिथं शेंगा विकणारी एक बाई होती तिनं हाक मारली, “कुंद्री अव्वा”, आणि स्वतःच्या पोत्यावर सरकून जागा दिली, तांब्यातलं पाणी दिलं. अर्धा पाऊण तास आम्ही बोललो, माझं मोडकंतोडकं कन्नड आणि तिचं सरळ, तिचा पण एक मुलगा बेंगळूरला, तिच्या पण सासरी पूर्वी माग होता म्हणे. मग तिनंच एका परतीच्या बसला हात करून मला बसवलं. बारशाला पोचले तेव्हा बाळ झोपलं होतं आणि पंगत उठली होती.

पण त्या रात्री अंथरुणावर पडले तर मला सगळं जसंच्या तसं दिसत होतं, तिच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या, भाजक्या शेंगांचा वास, पोत्यावर छापलेली ती गोल गोल अक्षरं. आणि त्याच्या आधीचा अख्खा महिना आठवून बघितला तर कोरा. तेव्हा मला कळलं की डोकं बंद पडलेलं नाही, त्याला कुणी काम देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या अक्कांच्या नातीला बोलावलं. कन्नड शाळेत तिसरीत आहे. तिला म्हटलं मला तुझी अक्षरं शिकव, मी तुला मराठी शिकवते. पाटी-पेन्सिल आणली, रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी आम्ही दोघी कट्ट्यावर. क ख ग घ चा क्रम अगदी आपल्यासारखाच आहे त्यामुळं निम्मं काम सोपं, पण व, प, म आणि ष ही चार अक्षरं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, एक गाठ इकडची तिकडं झाली की चुकलं. अक्षराच्या डोक्यावर एक छोटी शेंडी असते तिला तलकट्टू म्हणतात, ती माझी हमखास राहायची आणि ती पोरगी कमरेवर हात ठेवून सांगायची, “अज्जी, तलकट्टू!” बाराखडीला कागुणित म्हणतात. महिना लागला मला ते पाठ व्हायला, पेन्सिल धरून बोटं दुखायची, डोकं जड व्हायचं, आणि रात्री झोप काय लागायची म्हणून सांगू. मी स्वतःच्या स्वतः वाचलेला पहिला बोर्ड आमच्याच भागातला, ‘वडगावी’. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या रस्त्यानं येतेजाते आणि तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला, तिथंच उभी राहिले थोडा वेळ.

मग बुधवार सुरू झाले. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, शक्ती योजना म्हणतात ती, आधार कार्ड दाखवायचं आणि कंडक्टर झिरो तिकीट देतो. बरेच जण नावं ठेवतात की बायका उगीच फिरतात, पण जिच्या हातात स्वतःचे पन्नास रुपये नव्हते तिला त्या तिकिटानं उंबरा ओलांडायला मिळाला त्याचं मोल मला माहीत आहे. आम्ही पाच जणी आहोत. मी, समोरच्या अक्का त्या कन्नड, एक शहापूरच्या त्यांच्या घरात कोंकणी बोलतात, एक आपा त्या शिवणकाम करतात त्यांचं उर्दू, आणि एक रिटायर अंगणवाडी मदतनीस ती माझ्यासारखी मराठी. दर बुधवारी आपल्याच जिल्ह्यातलं एक ठिकाण, आधी बघितलेलं नको. नियम एकच केलाय, प्रत्येकीनं तिथल्या एका तरी अनोळखी माणसाशी बोलायचं आणि येताना बसमध्ये ते बाकीच्यांना सांगायचं.

हलशीला गेलो, जुन्या कदंब राजांची दुसरी राजधानी होती ती, आपल्या खानापूर तालुक्यातच. तिथल्या देवळात वराह आणि नरसिंह समोरासमोर आहेत, दोन गाभारे एकमेकांकडं तोंड करून, असं देऊळ मी जन्मात बघितलं नव्हतं आणि घरापासून दोन तासांवर. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या वाड्यात ध्रुवतारा बघायचं गोल भोक आहे भिंतीत, अक्कांनी गुडघे दुखत असताना वाकून त्यातून बघितलं, दिवसाढवळ्या काय दिसणार पण त्यांना बघायचंच होतं. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी, 1831 साली त्यांना तिथं फाशी दिलं. सुळेभावीला गेलो, कुमार गंधर्व तिथं जन्मले 1924 साली, हे आमच्यातल्या चौघींना माहीत नव्हतं, आपांना माहीत होतं, त्यांचे वडील रेडिओ ऐकायचे. गोकाकचा धबधबा तर सगळ्यांनी बघितलेला म्हणून नियमात बसत नव्हता पण पावसाळ्यात परत गेलो, तो अपवाद.

एक गोष्ट सांगते, बघा तुम्हाला पटते का. मालक गेल्यानंतरची पहिली दोन वर्षं मला आता एका दिवसाएवढी वाटतात. आणि हे गेलं वर्ष मोठं वाटतं, लहानपणी मे महिन्याची सुट्टी वाटायची तसं, कारण त्यात आठवायला जागा जागा आहेत, हा बुधवार, तो बुधवार.

आता मुलीनं मला ह्या विषयावरचं बरंच वाचून दाखवलं, त्यातलं जे मला नीट समजलं तेवढंच लिहिते. 2013 साली डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या 648 पेशंटांचा अभ्यास छापला. ज्यांना एकच भाषा येत होती त्यांच्यापेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना तो आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटलं की जे कधी शाळेत गेलेच नाहीत त्यांच्यात पण हा फरक होता. म्हणजे डिग्रीचा प्रश्न नाही. दोनपेक्षा जास्त भाषांचा आणखी जास्त फायदा त्यांना दिसला नाही तो भाग वेगळा, पण आपण सीमाभागातली माणसं, मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू एका गल्लीत ऐकतो, दुसऱ्यांनी क्लास लावून शिकावं ते आपल्याला भाजी घेता घेता मिळतं. ते आपण वापरायचं का नाही?

दुसरं एक लंडनचं. तिथं टॅक्सी चालवायचं लायसन पाहिजे तर पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. 2000 साली तिथल्या शास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी त्या ड्रायव्हरांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर रस्ते आठवण्याचं काम करणारा मेंदूचा एक भाग, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला, त्याची मागची बाजू त्यांच्यात मोठी निघाली. मग 2011 साली शिकाऊ ड्रायव्हरांचे आधी आणि नंतर असे स्कॅन बघितले, तर परीक्षा पास झालेल्यांच्यात तो भाग वाढलेला होता. ही माणसं काही आमच्या वयाची नव्हती, पण शाळकरी पोरं पण नव्हती. संसारी माणसाचा मेंदू पण नवीन शिकला की बदलतो एवढं तरी त्यातून कळतं.

आणि तिसरं अमेरिकेतल्या टेक्साजचं, ते तर मी दोनदा वाचून घेतलं. डेनिस पार्क म्हणून प्रोफेसरबाई आहेत, त्यांनी साठ ते नव्वद वयाची दोनशेवर माणसं घेतली. काहींना तीन महिने डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढायला शिकवलं, काहींना चक्क वाकळ शिवायला, काहींना दोन्ही, आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास. आणि एका ग्रुपला नुसतं एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ. 2014 साली त्याचा निकाल छापून आला, तर शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली, त्यातही फोटो शिकणाऱ्यांची जास्त, आणि नुसत्या गप्पांच्या ग्रुपची तेवढी नाही. म्हणजे माणसात बसायला पाहिजे हे खरंच, पण बसून काहीतरी अवघड करायला पण पाहिजे. जे हाताला सवयीचं झालंय त्यात डोकं झोपून जातं, मी चाळीस वर्षं कांड्या भरल्यात, शेवटी शेवटी डोळे मिटून भरायचे.

ह्यातलं काही गॅरंटी म्हणून मी सांगत नाही. नवीन शिकलं म्हणून आजार होणारच नाही असं कोण म्हणेल, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी काही चूक केली असं तर अजिबात नाही.

आता कानाचं. आमच्या सासूबाई म्हणजे सगळ्या गल्लीच्या काकी, कुणाचं डोहाळजेवण असो, कुणाचं भांडण असो, त्या पुढं. मागाच्या घरात आयुष्य गेलं, चार माग सकाळपासून रात्रीपर्यंत खटाखट खटाखट, त्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू गेले, वडगाव, खासबाग, शहापूरच्या कितीतरी घरांत हे झालंय. सुरवातीला आम्ही मोठ्यानं बोलायचो. मग दोनदा सांगायचा कंटाळा यायला लागला. मग “काही नाही, तुम्ही बसा” असं व्हायला लागलं. पाहुणे आले की त्या चेहऱ्याकडं बघत बसायच्या, सगळे हसले की त्या पण हसायच्या, एक सेकंद उशिरा. तो एक सेकंद मला अजून दिसतो. मग त्या बाहेर येऊन बसायच्या बंद झाल्या, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या, आणि तीन-चार वर्षांत मुलांची नावं पण विसरल्या. आम्ही म्हणायचो वय झालं. कानाचं मशीन आणावं असं एकालाही सुचलं नाही, मला पण नाही.

2024 साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी साप्ताहिकाच्या कमिशनचा रिपोर्ट आला, त्यात स्मृतिभ्रंशाची अशी 14 कारणं दिलीत जी टाळता किंवा कमी करता येतात, आणि ती सगळी सांभाळली तर जगातल्या जवळजवळ 45 टक्के केसेस टळतील किंवा पुढं ढकलल्या जातील असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, शुगर, सिगरेट, दारू, व्यायाम नसणं हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण त्यात ऐकू न येणं आहे, नीट न दिसणं आहे, आणि एकटेपण, माणसांत नसणं हे पण आहे. मी ते ऐकलं आणि मला रडू आलं, सासूबाईंच्या बाबतीत ह्यातली तीन आमच्या डोळ्यांसमोर झाली, मोतीबिंदू पण होता त्यांना. म्हणून विनंती आहे, घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं, हाक मारल्यावर वळून बघेना, तर कानाची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. गरीब घरातल्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे 2017 पासूनची, त्यात कानाचं मशीन, चष्मा, काठी मिळते. आणि मशीन आणलं की पहिले पंधरा दिवस त्यांना सगळाच आवाज मोठा लागतो, भांड्यांचा, गाड्यांचा, ती माणसं मशीन काढून ठेवतात, तेव्हा सोडून देऊ नका, रोज थोडा थोडा वेळ घालायला लावा आणि शेजारी बसून बोला.

लोक काय म्हणतात ते पण सांगते कारण माझ्यासारख्या बाकीच्या बायका त्यालाच भितात. एकीनं तोंडावर विचारलं, “नवरा गेलेल्या बाईनं एवढं हिंडायचं व्हय?” मी काही बोलले नाही, पुढच्या बुधवारी निघाले. मग दोघा-तिघांनी कन्नडवरून ऐकवलं की आपण मराठी माणसं, आपणच शिकायला लागलो तर झालं. त्यांना मी उत्तर दिलं आणि ते इथं पण लिहिते. सीमाप्रश्न काय आहे ते मला कुणी शिकवायला नको, माझ्या माहेरच्या घरात त्याच्यावर रात्र रात्र बोलणी झालीत, मराठी माझी आई आहे आणि ह्या वयात मी ते बदलणार नाही. पण समोरच्या अक्का मालकांच्या वेळी दहा दिवस आमच्या घरात स्वयंपाक करत होत्या. त्यांच्या नातीनं शिकवलेली अक्षरं मी घेतली त्यात माझ्या आईचं काही कमी झालं नाही. आणि त्या पोरीला आता मराठी पेपरचे मथळे वाचता येतात, तुमच्याच पेपरचे, संध्याकाळी मोठ्यानं वाचते, ‘ळ’ तर आमच्या नातवंडांपेक्षा चांगला म्हणते.

आणि वयाचं म्हणाल तर महर्षी कर्वे 1858 चे, ते 1929 साली सत्तरी गाठल्यावर जगाच्या प्रवासाला निघाले, संस्थेसाठी पैसे जमवायला, आणि पुढं 104 वर्षं जगले. आम्ही तर हलशीलाच चाललोय.

आमच्या गल्लीतल्या पुरुष मंडळींबद्दल थोडं लिहायचंय, रागावू नये. देवळाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी आठ-दहा जण बसतात, चांगली गोष्ट आहे, घरात बसण्यापेक्षा हजार पट चांगली. पण मी येता-जाता ऐकते, तीच पेन्शन, तीच शुगर, तेच राजकारण, कोण काय बोलणार ते बाकीच्यांना आधीच पाठ. त्यातले एक जण चाळीस वर्षं मोटार रिवाइंडिंग करायचे, एक पोस्टात होते, एक तर पूर्वी भजनाला पखवाज वाजवायचे. पखवाजवाल्यांनी बाकीच्या सातांना शिकवायला घेतलं तर? पोरांच्या हातात मोबाईल आणि आजोबांच्या हातात पखवाज, एकमेकांना शिकवा की ओ. आमच्या नातवानं मला मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकवलं, पहिले दहा रुपये पाठवताना हाताला घाम आला होता, आता लाईट बिल मी परत माझ्याकडं घेतलंय. मुलाला वाईट वाटलं आधी. त्याला म्हटलं अरे तू माझं ओझं उचललंस ते बरोबर पण त्याच्याबरोबर माझा दिवस पण उचलून नेलास. मुला-मुलींनो, सुनांनो, आईवडलांची कामं काढून घेऊ नका हो, जड पिशवी तेवढी उचला, हिशोब त्यांना करू दे.

आता विनंती, संपादक साहेब. आपल्या बेळगावात काय नाही? 1848 सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत थंडीत साहित्य संमेलनं होतात, गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळं आहेत, शिवजयंतीच्या चित्ररथाला अख्खं शहर रस्त्यावर येतं. महिला मंडळं, भजनी मंडळं, बचत गट. पण आमच्या वयाच्या माणसाला ह्या सगळ्यात जागा कुठली तर पुढच्या रांगेत खुर्ची, एक शाल, एक नारळ. आम्हाला खुर्ची नको, काम द्या. चित्ररथाचे कपडे शिवायचे आहेत, आपांसारख्या पाच बायका बोलवा. पोरांना जुनी ओवी, जुनं गाणं पाहिजे, येळ्ळूरच्या शिवारात अजून म्हणणाऱ्या आहेत. वाचनालयांनी आठवड्यातून एक दुपार अशी ठेवावी की कुणीतरी कुणालातरी काहीतरी शिकवतंय, भाषण नाही, शिकवणं, समोरासमोर बसून.

आणि तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा, पाव पान सुद्धा नको, एक छोटी चौकट द्या. ह्या आठवड्यात कुठल्या गल्लीत, कुठल्या गावात कोण काय शिकवणार आहे आणि कुणाला काय शिकायचं आहे. वय साठच्या पुढं, फी नाही. निधन वार्तेसाठी जागा असते ना रोज, आमच्यातल्या बऱ्याच जणांचं नाव पेपरात पहिल्यांदा आणि शेवटचं तिथंच येतं. त्याच्या आधी एकदा ह्या चौकटीत येऊ द्या.

लोक नोंदी पाठवतील का अशी शंका असेल तर पहिली नोंद माझी घ्या. वाकळ शिवायला शिकवणार, वडगाव, बुधवार सोडून कुठल्याही दुपारी तीन ते पाच, जुनी लुगडी आमच्याकडं आहेत, सुई-दोरा आपापला आणायचा, पुरुष आले तरी चालतील. आणि दुसरी नोंद, शिकायचं आहे: कन्नड जोडाक्षरं. खाली लटकलेलं अक्षर अजून मला दिसतच नाही पटकन, परवा ‘चन्नम्मा’ वाचताना दुसरा म राहून गेला आणि आमची मास्तरीण आता परीक्षेत अडकलीय, एप्रिलपर्यंत तिला वेळ नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव